शब्दवेध : ऑयस्टर आणि आठळी

कालवं टाकून उकळलेल्या काळ्या बिअरचा घोट घेतला, की आधी भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा कडवटपणा येतो आणि मागून मिठाची बारीक लकेर. मासळीचा वास शोधूनही सापडत नाही. लंडनच्या हॅमर्टन ब्रुअरीने १९३८ साली अशी 'ऑयस्टर स्टाउट' काढली. त्याआधी कितीतरी वर्षं तिथल्या गुत्त्यांत स्वस्त कालवं आणि स्टाउट शेजारी शेजारी असत. 'स्टाउट' म्हणजे मुळात ताठ, शूर. मग कडक बिअर. काळा रंग नंतर चिकटला.

मला ओढ आहे ती 'ऑयस्टर'ची. ग्रीक 'ऑस्ट्रेऑन' लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ग्रीकमध्ये हाड म्हणजे 'ऑस्टेऑन'. कालवाचं नाव पडलं ते त्याच्या हाडासारख्या कठीण कवचावरून. आपल्या 'अस्थि'चं कूळही हेच. आणि या अस्थीचं प्राकृतात 'अट्ठि' होऊन मराठीत काय उतरलं? फणसाची आठळी! मेढ्यासारख्या वेण्णा नदीकाठच्या गावात समुद्र घाटापलीकडे. कालवं सहसा कुणाच्या चुलीवर चढत नाहीत. पण निखाऱ्यात भाजलेली आठळी सोलून खाणाऱ्या पोराच्या तोंडी ऑयस्टरचा चुलतभाऊच असतो. केवढं हे शब्दांचं गोत!

याच गोतातला 'ऑस्ट्राकॉन', म्हणजे खापरी. नकोशा पुढाऱ्याचं नाव अथेन्सकर खापरीवर कोरत आणि त्याला दहा वर्षं हद्दपार करत. बहिष्काराला इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' म्हणतात, ते त्यावरून.