मानेतील सरकलेली चकती व तिचे स्वयंशमन

मानेच्या मणक्यांमधील चकतीचा गाभा बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळावर दाबला गेला, तरी शस्त्रक्रियेवाचूनही तो पुष्कळदा आपोआप आक्रसतो, ही गोष्ट वैद्यकास इतक्या उशिरा का कळली, असा प्रश्न या विषयाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो. रोगी तर पूर्वीही बरे होतच होते.

न्यूयॉर्कचे बायरन स्टुकी यांनी १९२८ साली अशा गाठींचे वर्णन केले ते कूर्चेची अर्बुदे म्हणून. ही अर्बुदे नसून फुटलेल्या चकतीचेच तुकडे होत, हे बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये प्रस्थापित केले. अर्बुद म्हटले की ते काढून टाकावयाचे, हा संस्कार मात्र नाव बदलल्यावरही टिकून राहिला असावा. १९५८ मध्ये क्लोवर्ड यांची, तसेच स्मिथ व रॉबिन्सन यांची मानेच्या पुढील बाजूने करावयाची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली.

आमच्या मते खरी अडचण पाहण्याच्या साधनाची होती. साध्या क्ष-किरणचित्रात चकती दिसत नाही. तिचा दाब दिसावा म्हणून पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडावे लागे. बऱ्या झालेल्या मनुष्यावर तो प्रयोग पुन्हा कोण करणार? त्यामुळे प्रत्यक्ष चकती पाहिली ती शल्यविशारदाने, आणि तीही ज्यांना गुण आला नव्हता त्यांचीच.

सीटी व एमआरआय चित्रे आल्यावर एकाच रोग्याची मान काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहता येऊ लागली. १९९४ मध्ये मेन्य व देलिन्य या फ्रेंच वैद्यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या २१ रोग्यांची सीटी-पाहणी प्रसिद्ध केली; तीत बाहेर आलेला भाग घटल्याचे दिसले. नवल असे की, मोठे तुकडेच अधिक घटतात. बंधपट्ट ओलांडून बाहेर पडलेल्या तुकड्याभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात व भक्षक पेशी त्याचे शोषण करतात.

त्याच वर्षी के. राधाकृष्णन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रोचेस्टर येथील, मानेतील मज्जातंतुमुळाच्या विकाराच्या ५६१ रोग्यांचा (१९७६ ते १९९०) आढावा घेतला. शस्त्रक्रिया झाली ती २६ टक्क्यांवर. अखेरच्या तपासणीत सुमारे ९० टक्के रोग्यांना त्रास नव्हता वा अल्पच होता.

दाब मज्जारज्जूवरच असून चाल अडखळू लागली, हाताचे बळ उत्तरोत्तर घटू लागले, वा मूत्रावरील ताबा सुटला, तर हे आकडे लागू पडत नाहीत. तेथे वाट पाहण्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते.