खणांपासून कार्पेटपर्यंत

माझ्या लहानपणी मराठवाड्यातल्या आमच्या गावी, डोंगरकड्यात, घर खणांत मोजायचे. तीन खणांचं, पाच खणांचं, सात खणांचं, एवढं सांगितलं की घराची लांबी, घरधन्याची ऐपत आणि तिथं लेक द्यावी की नाही हे सगळं ऐकणाऱ्याला एकदम कळायचं. लाकडी खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे खण. लाकूड जसं मिळेल तसा तो कमी-जास्त व्हायचा, त्यामुळे एका घराचा खण दुसऱ्याच्या खणाशी जुळेलच असं नाही. पण खणाचा मोठा गुण म्हणजे तो वाढवता यायचा. थोरल्याचं लग्न ठरलं की पुढं दोन खांब रोवायचे, तुळई टाकायची, झाला एक खण. भाऊ वाटण्या मागायला लागले की त्याच खणांच्या मधे भिंत यायची. नकाशा म्हणून कागद कुणाकडेच नव्हता. कुटुंब वाढेल तसं घर वाढायचं आणि कुटुंब फुटेल तसं फुटायचं.

हे आता आठवायचं कारण माझी लेक. ती नि जावईबापू पुण्याला वाघोलीत फ्लॅट बघतायत. दिवाळीला आली ती दोन नकाशे घेऊन, ‘ए’ टाइप आणि ‘बी’ टाइप. मी सारा जन्म शाखा अभियंता म्हणून काढलेला, तेव्हा ‘बाबा, तुम्हीच सांगा’ हे ओघानं आलंच. मी सांगितलं ते पुढं येईल. त्याआधी आमच्या मुलखात घर कागदावर कसं उतरलं ते सांगतो, कारण फ्लॅटचा नकाशा कसा वाचावा हे मला त्यातूनच कळलं.

आमचं जुनं घर माळवदाचं. बाहेरच्या भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाड. आत खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गावाची जमीन दोन रंगांची: पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. पांढरीची माती पाणी धरत नाही, म्हणून ती छतावर जायची. दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी माळवदावर नवा थर पडायचा. जुना कुणी काढत नसे. पणजोबांच्या काळातली माती आमच्या डोक्यावर तशीच होती, तिच्यावर आजोबांची आणि तिच्यावर वडलांची. उन्हाळ्यात त्या छताखाली गारवा असायचा. उजेड यायचा तो सवण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या भोकातून, आणि चुलीचा धूरही तिथूनच जायचा. पाऊस आला की पोरांना वर पिटाळायचे, सवण्यावर झाकण ठेवायला.

आतली मांडणी ठरलेली. रस्त्याच्या अंगाला ढाळज, परका माणूस तिथंच बसायचा. मग चौक आणि गोठा. ओसरीवर घरचे पुरुष, माजघरात बायका, त्यामागं चूल आणि देव. भिंतीत बळद, जमिनीत पेव. वर्षाचं धान्य घरातच, म्हणून घराचा निम्मा विचार धान्याचा. या मांडणीत बाईच्या वाट्याला अंधार जास्त यायचा, हे खरंच आहे. माझी माय पन्नास वर्षं त्या माजघरात वावरली. पुढं स्लॅबच्या घरात तिला ओट्यापुढं खिडकी मिळाली, तेव्हा ती आधी खिडकीसमोर उभं राहून तांदूळ निवडायला शिकली, कारण बसलं तर बाहेरचं दिसत नव्हतं.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ठरावीक नमुन्याची सरकारी घरं आधी राजधानीत उभी राहिली. मुसी नदीच्या 1908 च्या महापुरानं हैदराबाद धुऊन काढलं, त्यानंतर 1912 ला तिथं सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं. त्याच्या वसाहती आजही ‘सीआयबी क्वार्टर्स’ या नावानं ओळखल्या जातात. पुढं महाराष्ट्रात 1970 ला सिडको स्थापन झाली. तिनं नवी मुंबईबरोबर औरंगाबाद, नाशिक आणि आमच्या नांदेडलाही वसाहती केल्या. गोदावरीच्या दक्षिणेला सिडको-हडको उभं राहिलं तेव्हा आमच्याकडच्या नोकरदारांनी पहिल्यांदा उत्पन्नाच्या गटाप्रमाणं घर घेतलं. घर छोटं, पण बहुतेकांना पुढं-मागं थोडी मोकळी जागा. तिथं आज एकही घर मूळ नकाशासारखं दिसत नाही. कुणी पुढं खोली काढली, कुणी वर मजला चढवला, कुणी रस्त्याच्या बाजूला दुकानाचं शटर लावलं. कागद सरकारचा असला तरी माणसं खणाचीच होती.

मराठवाड्यातल्या खेड्यांनी मात्र नकाशे पहिल्यांदा बघितले ते भीतीपोटी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली, आणि चार वाजायच्या सुमारास भूकंपानं लातूरकडची किल्लारी हादरली. सात-आठ हजार माणसं गेली. ज्या माळवदानं गारवा दिला, तेच अंगावर आलं. भिंत बाहेरून अखंड दिसायची, पण ती असायची दोन पदरांची. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि खडीची भर. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटायचे, आणि वर टनावारी माती. खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता तिथं भिंत ढासळूनही छत तगलं, अशीही घरं मी बघितली.

लातूर-उस्मानाबादची 52 गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अगदी थोड्या जमिनीवाल्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, सात हेक्टरच्या वर असलेल्याला 750. मी तेव्हा नोकरीत नवा. मला औशाच्या बाजूला धाडलं होतं. सरळ रेघेत आखलेले रस्ते, एकसारखी घरं. एका बाईंनी मला घर हिंडून दाखवलं आणि शेवटी विचारलं, ‘‘साहेब, घर चांगलंय, पर कडबा कुठं टाकू?’’ नकाशात हॉल होता, स्वयंपाकघर होतं, संडास होता. कडब्याचं नाव नव्हतं. दोन-तीन वर्षांनी त्या गावात गेलो तर प्रत्येक घरामागं पत्र्याचं दुसरं घर उभं होतं. चूल तिथं, गुरं तिथं, कडबा तिथं. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात टीव्ही आणि पाहुणे.

कमी पडझड झालेल्या गावांत सरकारनं दुसरी वाट धरली. घर मालकानंच दुरुस्त करायचं, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. भिंतीत आरपार दगड घालायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, खांब-तुळईच्या कोपऱ्याला तिरप्या पट्ट्या मारायच्या, माळवदाची माती उतरवायची. हे समजावायला हजारावर गावांत गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या. इंजिनीअरनं बँड म्हटलं की गवंडी मान डोलवायचा आणि घालायचा नाही. ती बाई मात्र कामावर उभी राहून सळई मोजायची. त्या घरांना मागं पत्र्याची शेपूट लागल्याचं मला फारसं दिसलं नाही, कारण कडब्याची जागा घरधन्यानं आधीच धरलेली असायची.

याच सुमाराला डोंगरकड्यातलीही माळवदं उतरत गेली. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस, केळी, हळद वाढली आणि हातात पैसा आला. पेवं बुजली, ढाळजा पडल्या, स्लॅब आले. पण आमच्याकडच्या कुठल्याही स्लॅबवर चढून बघा. कॉलमच्या सळया हात-दोन हात वर तशाच सोडलेल्या, कुठं पावसानं गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर बाटल्या उपड्या घातलेल्या. थोरल्याचं लग्न झालं की वरचा मजला. सिमेंटचं घर बांधलं तरी खण वाढवायची सवय सुटलेली नाही.

आता त्या दोन नकाशांकडं येतो. लेकीनं आधी क्षेत्रफळ सांगितलं: ‘ए’ 620 चौरस फूट, ‘बी’ 598. घरखरेदीचा रेरा कायदा 2017 पासून पूर्ण लागू झाला तेव्हापासून हा आकडा कार्पेटचा, म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा, सांगावा लागतो. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची वगळतात. पूर्वी जिना, लिफ्ट, लॉबी सगळं मिसळून फुगवलेला आकडा विकायचे. तो धंदा निदान करारनाम्यातून गेला. लेकीनं विचारलं, ‘‘बाबा, आपल्या जुन्या घराचा कार्पेट किती असेल?’’ मी हिशेब केला. माळवदाचा भाग बाहेरून 30 बाय 25, म्हणजे 750 चौरस फूट. चहूकडून अडीच फूट भिंत वजा केली की आत उरतात 25 बाय 20, म्हणजे 500. तिसरा हिस्सा नुसत्या भिंतीत. जावईबापू म्हणाले, ‘‘मग आमचा फ्लॅट मोठाच म्हणायचा!’’ खोटं नव्हतं.

पण कागदावरून घर कळत नाही, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलंय. पूर्वीचा गवंडी कागद दाखवायचाच नाही. तो फक्कीनं जमिनीवर घर आखायचा आणि मालकिणीला म्हणायचा, आत या. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 1980 च्या दशकात हेच केलं. महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांबरोबर त्यांनी आपल्याला हव्या त्या घरांचे खऱ्या मापाचे नमुने कापडानं नि लाकडानं उभे करून प्रदर्शन भरवलं. जागा थोडी, म्हणून छत 14 फूट उंच आणि आत माळा, ही मागणी त्या नमुन्यात उभं राहूनच निघाली. टेबलाशी बसून ती सुचली नसती.

म्हणून हळद वाळवायच्या खळ्यावर मी दोन्ही फ्लॅट फक्कीनं आखले, शेजारी शेजारी, खऱ्या मापात. दाराच्या जागा मोकळ्या सोडल्या, पलंगाच्या मापाच्या सतरंज्या टाकल्या, ओट्याच्या जागी बाक ठेवला. बायकोला म्हटलं, भाकरी कर. ती ‘ए’ टाइपच्या ओट्याशी उभी राहिली, वळली, आणि लगेच म्हणाली की फ्रिजचं दार उघडलं तर मागून कुणी जाणार नाही. लेक दोन्ही घरांत मोबाइलवर बोलत फिरली. ‘ए’मध्ये प्रत्येक वेळी ती दारातच थबकायची, कारण हॉलच्या मधून बेडरूमला जायची वाट काढलेली होती. सोफा ठेवला की ‘ए’चे जास्तीचे 22 चौरस फूट त्या वाटेतच संपत होते. ‘बी’ला ड्राय बाल्कनी रुंद होती. वॉशिंग मशीन ठेवून वर धान्याच्या दोन कोठ्या बसत होत्या. गावाकडून ज्वारीचं पोतं जाणार, हे बिल्डरला कुठून माहीत असणार?

जावईबापूंचं म्हणणं, ‘ए’ घेऊ, पुढं मधली भिंत पाडून घेऊ. तेव्हा मी त्यांना नकाशातला बारीक मजकूर दाखवला. इमारत मायवान पद्धतीची होती. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदम काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्यानं होतं, भूकंपालाही बरं. पण विटेची भिंत जशी पाडता येते तशी ही नाही. प्रत्येक भिंत भार घेते. साधा एसीचा पाइप न्यायचा तरी भोक आधीच ठरवून ठेवावं लागतं.

घर मजबूत हवं हे आम्हाला आता नव्यानं पटवून द्यायला नको. 21 मार्च 2024 च्या सकाळी सहाच्या सुमारास आमच्याच कळमनुरी तालुक्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि जुलैत पुन्हा तेवढाच. मार्चमधल्या धक्क्यानंतर पत्र्याच्या घरांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड खाली उतरवा, असं प्रशासनानं सांगितलं. शेजारी दगड उतरवत होता आणि पुटपुटत होता, ‘‘आता वावटळ आली म्हणजे पत्रे उडतील.’’ काही दिवसांनी त्यानं पत्रे हुकांनी बांधून घेतले. वरचा भार कमी करायचा आणि जोड पक्के करायचे, हे औशाच्या माळवदाला सांगितलेलं शहाणपण पत्र्यालाही चालतं.

वाघोलीची भिंत हलणार नाही ही त्यामुळे तक्रार करायची गोष्ट नाही. पण ती नीट समजून घ्यायला हवी. माळवदाला खण जोडता आला, सिडकोच्या घराला खोली काढता आली, किल्लारीच्या घरामागं पत्रे टाकता आले, डोंगरकड्याच्या स्लॅबवर सळया ठेवता आल्या. आमच्या माणसांनी दुसऱ्यानं काढलेला प्रत्येक नकाशा राहता राहता दुरुस्त केला. ही सोय नाही असं या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच होतंय. जे चुकेल ते तीस वर्षं चुकलेलंच राहणार, आणि कर्जाचे हप्तेही बहुधा तेवढेच चालणार. म्हणून दुरुस्ती करायची ती सही करण्याआधीच.

लेकीनं ‘बी’ घेतला. जाताना प्रश्नांची यादी घेऊन गेली: मंजूर नकाशा आणि हातातला नकाशा एकच आहे का, एसीची भोकं कुठं सोडलीयत, ड्राय बाल्कनीचा उतार कुणीकडं, पाण्याचं कनेक्शन टँकरवर की पालिकेवर. वाघोली 2021 ला पुणे महापालिकेत गेलीय, म्हणून शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला. विक्री कार्यालयात पहिले तीन प्रश्न ऐकून त्यांनी तिला चहा दिला आणि चौथ्याला मॅनेजरला बोलावलं. तो मॅनेजरही निघाला आमच्या शेजारच्या वसमतकडचा. त्यानं आधी विचारलं म्हणे, ‘‘ताई, तुमच्या घरी कुणी गवंडी आहे का?’’