दाराशी आलेला रोगी

राजयक्ष्म्याशी मानवाचा परिचय फार प्राचीन. त्याच्या जंतूशी मात्र तो १८८२ सालचा. त्या वर्षी रॉबर्ट कॉख याने हा जंतू जगाला दाखविला. तथापि क्षयाचा उपचार म्हणजे हवापालट, सकस आहार आणि आरोग्यधामातील दीर्घ विश्रांती, ही समजूत त्यानंतरही कित्येक दशके टिकली. खेड्यातील मजुराला यांपैकी काहीच परवडणारे नव्हते.

ही समजूत मद्रासने खोटी ठरविली. १९५६ साली तेथे निघालेल्या संशोधन केंद्राने गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला दाटीवाटीच्या घरीच राहू देऊन वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना आलेला गुण जवळजवळ सारखाच होता.

आता प्रश्न उरला तो रोगी ओळखण्याचा. क्षय शहरांइतकाच खेड्यांतही पसरला आहे, हे १९५५ ते १९५८ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले होते. मग क्ष-किरणांची यंत्रे गावोगाव फिरवावयाची काय? बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रोग्यांचीच विचारपूस केली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बहुतेक रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे जण सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथे त्यांच्या हाती पडत असे ती खोकल्याच्या औषधाची बाटली! दोष रोग्याच्या अज्ञानाचा नव्हता. दाराशी आलेल्याला दवाखाना ओळखत नव्हता.

१९६२ पासून आकारास आलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने म्हणूनच साध्या ग्रामीण दवाखान्यावर भिस्त ठेवली. खोकला हटत नसलेल्या रोग्याचा बेडका काचपट्टीवर पसरावा, रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल जंतू शोधावेत. सापडल्यास औषध तेथेच द्यावे, अशी ही योजना होती. पुढे निराळीच अडचण उभी राहिली. दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागताच अनेक रोगी औषध सोडीत. १९९७ पासून देशभर पसरत गेलेली, समक्ष औषध घेवविण्याची पद्धत त्यावरचा उपाय होता.

आज जंतूची जनुके ओळखणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्यापर्यंत बेडका पोचावयाचा, तर दवाखान्यात कोणीतरी आधी आस्थेने विचारले पाहिजे : खोकला किती दिवसांपासून आहे?