व्यक्ती, चर्च आणि राज्यसंस्था : इटलीच्या संविधाननिर्मितीतील कॅथलिक विधिचिंतन

हुकूमशाही कोसळली म्हणजे तिच्या काळात वाढलेला विधिविचारही कोसळतो असे नाही. इटलीत २५ जुलै १९४३ रोजी मुसोलिनीची सत्ता गेली आणि १ जानेवारी १९४८ रोजी लोकसत्ताक संविधान अमलात आले. या संविधानाच्या घडणीत कॅथलिक विधिज्ञांचा वाटा मोठा होता. त्यांनी वापरलेली वैचारिक सामग्री मात्र फॅसिस्ट राजवटीपूर्वीची आणि त्या राजवटीतीलही होती.

११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारांनी पोपची सत्ता आणि इटालियन राज्य यांच्यातील जुना संघर्ष मिटविला. राज्याबाहेर काहीच नाही, ही फॅसिझमची भूमिका होती. कुटुंब आणि चर्च या राज्याने निर्माण केलेल्या संस्था नसून त्या राज्याच्या आधीच्या आहेत, हे तिला कॅथलिक परंपरेचे उत्तर होते. परंतु या सिद्धांताचा उपयोग प्रामुख्याने संस्थेच्या रक्षणासाठी झाला. १९३८ मध्ये ज्यूविरोधी वंशकायदे आले, तेव्हा अकरावे पायस यांनी वंशवादावर उघड टीका केली. तथापि मुसोलिनी व राजा यांना पाठविलेल्या पत्रांतील आक्षेप करारातील विवाहविषयक तरतुदीच्या भंगाचा होता. नागरिक म्हणून ज्यूंचे जे हक्क हिरावले गेले, ते या आक्षेपाच्या कक्षेत आले नाहीत.

संस्थेकडून व्यक्तीकडे वळण्याची प्रक्रिया याच सुमारास सुरू झाली. फ्लॉरेन्स येथील रोमन कायद्याचे प्राध्यापक जॉर्जो ला पीरा यांनी १९३९ मध्ये ‘प्रिन्चिपी’ हे नियतकालिक काढले; १९४० मध्ये ते बंद पाडण्यात आले. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांच्या व्यक्तिवादी मानवतावादाचा या पिढीवर प्रभाव होता. जुलै १९४३ मध्ये, मुसोलिनीच्या पतनाच्या अगदी तोंडावर, कामाल्दोली येथील मठात कॅथलिक विचारवंत एकत्र आले. त्यातून सिद्ध झालेली सामाजिक व आर्थिक तत्त्वांची संहिता १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४४ च्या नाताळ-संदेशात बारावे पायस यांनीही लोकशाहीचा विचार अनुकूलतेने मांडला. सातत्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. कोस्तान्तीनो मोर्ताती यांचा ‘वास्तविक संविधाना’चा सिद्धांत १९४० चा, एकपक्षीय राजवटीतील, तेच पुढे ख्रिस्ती लोकशाही पक्षातर्फे संविधान सभेत बसले.

२ जून १९४६ रोजी निवडलेल्या या सभेच्या ५५६ सदस्यांपैकी २०७ त्या पक्षाचे होते. ९ सप्टेंबर १९४६ रोजी चर्चविधीचे अभ्यासक जुझेप्पे दोसेत्ती यांनी पहिल्या उपसमितीत ठराव मांडला : व्यक्ती राज्याच्या आधीची आहे आणि राज्य तिच्यासाठी आहे. कम्युनिस्ट नेते तोल्याती यांनाही या भूमिकेत समान भूमी दिसली. अनुच्छेद २ मध्ये राज्य अबाध्य हक्क ‘देत’ नाही, ते त्यांना ‘मान्यता देते’ व त्यांची हमी घेते. त्याच अनुच्छेदात, माणसाचे व्यक्तिमत्त्व ज्यांत विकसित होते त्या सामाजिक घटकांचाही उल्लेख आहे. पूर्वी चर्चचे कवच असलेला विचार आता श्रद्धावान-अश्रद्ध असा भेद न करता प्रत्येक माणसाला लागू झाला.

मात्र जुना उपयोग संपला नव्हता. चर्चची विधिव्यवस्था मूळची, राज्यापासून न उद्भवलेली आहे, या युक्तिवादावर दोसेत्ती यांनीच अनुच्छेद ७ चे समर्थन केले. त्यायोगे १९२९ चे करार संविधानात उल्लेखिले गेले. २५ मार्च १९४७ रोजी हा अनुच्छेद ३५० विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. कम्युनिस्टांनी बाजूने, तर समाजवाद्यांनी विरोधात मत दिले.

या तडजोडीची किंमत एर्नेस्तो बुओनायुती यांच्या उदाहरणातून कळते. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे हे प्राध्यापक चर्चमधून बहिष्कृत झालेले पुरोहित होते. १९३१ मध्ये फॅसिस्ट राजवटीची शपथ नाकारल्याने त्यांची नोकरी गेली. राजवट कोसळल्यावर त्यांना सेवेत परत घेण्यात आले, परंतु अध्यापनाची मुभा मिळाली नाही. बहिष्कृत पुरोहिताला अशा पदावर मज्जाव करणारे १९२९ च्या कराराचे पाचवे कलम जिवंत होते. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुच्छेद ७ ने पुढच्याच वर्षी त्या करारांना संविधानाचा आधार दिला.

कॅथलिक धर्माचे राजधर्म म्हणून असलेले स्थान १८ फेब्रुवारी १९८४ च्या सुधारित कराराने संपुष्टात आले. तोवर छत्तीस वर्षे एकाच तत्त्वाची दोन फळे एकाच संविधानात शेजारी नांदली. राज्यापूर्वी काहीतरी आहे, एवढे मान्य केल्याने लोकशाही सिद्ध होत नाही. ते ‘काहीतरी’ म्हणजे माणूस की संस्था, आणि दोहोंत विरोध आला तर कोणाचे चालावे, हा प्रश्न उरतोच. इटलीच्या कॅथलिक विधिज्ञांनी पहिल्या भागाचे उत्तर अनुच्छेद २ मध्ये दिले. दुसरा भाग त्यांनी पुढील पिढ्यांवर सोपविला.