अर्ध्या ओंडक्याचा देव

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या फौजेने यरुशलेम जिंकले आणि यहोवाचे मंदिर जाळून टाकले. राजघराण्यातली माणसे, पुरोहित, कारागीर असे हजारो यहुदी टप्प्याटप्प्याने बाबेलला नेले गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे निकाल लागलेला होता: बाबेलचा देव मर्दुक जिंकला, यहुद्यांचा देव यहोवा हरला.

हा निकाल सुमारे 45 वर्षांनी बंदिवासातल्याच एका संदेष्ट्याने फिरवला. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याची वचने यशयाच्या ग्रंथात 40व्या अध्यायापासून पुढे येतात, म्हणून अभ्यासक त्याला ‘दुसरा यशया’ म्हणतात. त्याने उभा केलेला सुतार आजही डोळ्यांपुढे येतो. हा सुतार रानातून झाड तोडून आणतो, अर्ध्या लाकडावर भाकरी आणि मांस भाजतो, अंग शेकून घेतो. उरलेल्या लाकडावर दोरीने आखणी करतो, ते तासून माणसाचा आकार देतो आणि त्याच्यापुढे लोटांगण घालून रक्षणाची याचना करतो.

हा घाव नेमका वर्मी बसणारा होता. लाकूड म्हणजेच देव, असे बाबेलचे पुरोहित मानत नव्हते. नव्या मूर्तीसाठी त्यांच्याकडे ‘मुखप्रक्षालना’चा विधी होता, आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेसारखा. नदीकाठच्या बागेत मूर्तीचे तोंड पुन्हा पुन्हा धुतले जाई. मग कारागिरांचे हात फडक्याने बांधून लाकडी तलवारीने ते तोडल्याचा अभिनय होई आणि ही मूर्ती आपण घडवलीच नाही, अशी शपथ कारागीर घेत. विधीने पुसून टाकलेला तो माणसाचा हात संदेष्ट्याने सर्वांसमोर पुन्हा उघडा केला.

या टीकेमागे दोन शतकांची यहोवाच्या भक्तांच्या घरातलीच भांडणे होती. इ.स.पू. आठव्या शतकात होशेय या संदेष्ट्याने इस्राएलच्या राज्यातल्या शोमरोनच्या वासराच्या मूर्तीवर कोरडे ओढले. तरीही सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद येथे सापडलेल्या, साधारण त्याच शतकातल्या रांजणांवरच्या आशीर्वादांत यहोवाच्या जोडीला ‘त्याची अशेरा’ आहे. ही अशेरा म्हणजे त्या नावाची देवी की तिचे पूजाचिन्ह, यावर वाद आहे. इ.स.पू. 622च्या सुमारास यहूदाच्या योशिया राजाने अशेराचा स्तंभ यरुशलेमच्या मंदिरातून काढून जाळला, अशी नोंद राजांच्या ग्रंथात आहे.

तोवर वादाचा मुख्य मुद्दा इस्राएलाने कुणाला भजावे, हा होता. दुसऱ्या यशयाने त्यापुढचे पाऊल टाकले: दुसरा देवच नाही. ज्याचा देश बुडाला, मंदिर जळाले, त्या देवाला त्याने साऱ्या जगाचा एकमेव कर्ता ठरवले. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या सायरसने बाबेल घेतले. या राजाला यहोवानेच हाताशी धरले आहे, असे संदेष्टा सांगत होता. सायरसच्या नावाने कोरलेला मातीचा दंडगोल मात्र त्याच्या निवडीचे श्रेय मर्दुकाला देतो.

हा विचार सगळीकडे पोचायला वेळ लागला. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती आणि यहोवाचे मंदिरही होते. संदेष्ट्यानंतर शतकभराहून अधिक काळ लोटल्यावर तिथे गोळा झालेल्या वर्गणीची यादी पपायरसवर टिकून आहे. तिच्यात यहोवाच्या नावे 126 शेकेल चांदी आहे, एशेम-बेथेल या देवाच्या नावे 70 आणि अनत-बेथेल या देवीच्या नावे 120.