आतड्याचा टाका आणि औषधाचा वाटा

नाशिकहून सावळघाट ओलांडून गेले की पेठ लागते. १८७८ साली खालसा होईपर्यंत हे छोटे संस्थान होते. कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा मुलूख, नागली-वरईची शेती. अशा डोंगरी भागात टायफॉइडच्या व्रणाने आतड्याला भोक पडले की पूर्वी रोगी बहुधा हाती लागत नसे. त्याला टाका घालणारा हात हवा असे, आणि तो टाका टिकवणारे औषधही. शस्त्रक्रियेच्या इतिहासात कौतुक पहिल्याचेच होते. जीव वाचवण्यात दुसऱ्याचा वाटा तेवढाच मोठा आहे, आणि त्याची जाण आपल्याकडे फार जुनी आहे.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ साली यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादलेली सुश्रुतसंहिता छापली. तिच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात फुटलेल्या आतड्याचा उपचार आहे. आतील शल्य काढून आतडे स्वच्छ करावे, भोकाच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावू द्यावेत, मग मुंगळ्यांची धडे काढून डोकी तशीच ठेवावीत. एवढ्यावर काम संपत नाही. पोट शिवल्यावर वरून ज्येष्ठमध मिसळलेली काळी माती लावून बांधायचे, रोग्याला तेलाच्या किंवा तुपाच्या भांड्यात बसवायचे आणि केवळ दुधावर ठेवायचे. यावर आक्षेप असा की, किती रोगी जगले याची नोंद कुठे आहे? ती नाही, म्हणून या उपचाराचे यश सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पण जोडानंतरची काळजी हा उपचाराचाच भाग आहे, ही समज त्या क्रमात स्पष्ट दिसते, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे.

पॅरिसच्या लांबेर यांनी १८२६ मध्ये आतड्याच्या बाहेरच्या आवरणाला आवरण भिडवणारा टाका मांडला. तरी पोटात पू होऊन माणसे मरतच राहिली. १९४८ नंतर क्लोरॅम्फेनिकॉलने मूळ टायफॉइडच आवाक्यात आणला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. पण मोठ्या आतड्यातल्या अनेक जंतूंवर ते अपुरे पडते, तिथे पुढे मेट्रोनिडॅझोल कामी आले. यांतले एकही औषध आतडे सांधत नाही. सांधण्याचे काम शरीर करते. औषध जंतूंना रोखून त्याला सवड देते. उलट, स्टिरॉइडने जोड भरायला वेळ लागतो, आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी जोड गळण्याचा धोका वाढतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे कोणते औषध टाळावे, हेही औषधोपचारातच येते. खाण्याचेही तसेच. वारा सरेपर्यंत रोग्याला उपाशी ठेवण्याची जुनी रीत १९९० नंतर डेन्मार्कच्या केलेट यांच्या कामामुळे मागे पडली. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर पातळ आहार सुरू होतो. पण हे सारे रोगी वेळेत टेबलावर पोहोचला तरच. लांबलेल्या तापात पोट एकाएकी दुखून फळीसारखे कडक झाले, तर घरगुती काढ्यावर रात्र काढू नका. त्याच घटकेला गाडी करून नाशिक गाठा.