अंड्यावरची नक्षी

कामगार चळवळीत हयात गेल्यामुळे आम्ही एक गोष्ट शिकलो. गिरणीच्या फाटकाशी लांबून एकजिनसी दिसणारा जमाव जवळ गेल्यावर तसा नसतो. हिवतापाच्या डासाचा इतिहासही हेच सांगतो.

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. गुन्हेगार सापडला, परंतु युरोपात एक कोडे उरलेच. ॲनॉफिलीस मॅक्युलिपेनिस हा डास कित्येक गावी उदंड, तरी तेथे हिवताप नाही. दुसऱ्या मुलुखात मात्र तोच डास माणसांना अंथरुणाला खिळवी. १९२६ साली इटलीतील फाल्लेरोनी नावाच्या आरोग्य निरीक्षकाने या डासांची अंडी निरखली, तेव्हा त्यांवरची नक्षी निरनिराळी आढळली. पुढे उलगडा झाला, की रूपाने सारख्या पण वंशाने वेगळ्या अशा या अनेक जाती आहेत. कोणी माणसाला डसते, कोणी गोठ्यातल्या गुरांवरच भागवते.

आपल्या देशातही स्वीट आणि राव यांनी १९३७ साली स्टीफेन्सी डासाचे प्रकार अंड्यांवरूनच वेगळे केले. विहिरी-टाक्यांत वाढणारा शहरी प्रकार हिवताप पसरवतो. खेड्यातला मैसूरेन्सिस त्या मानाने निरुपद्रवी. हाच स्टीफेन्सी २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीला सापडला.

शत्रू न ओळखता केलेली फवारणी वाया जाते, आणि रोजी बुडते ती चाळीतल्या कामगाराची. म्हणून आमचे मागणे एवढेच: औषधाच्या पिंपाइतकेच मोल डास निरखणाऱ्या माणसालाही द्या.